माझं-तुझं इंग्रजीत मांडताना

अगं, तुझी वही वाचली. “माय फॅमिली” हा निबंध वाचला, शाळेला लिहिलेला रजेचा अर्ज वाचला, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘मला इंग्रजी येणारच नाही’ असं जे मराठीत लिहून ठेवलंयस तेही वाचलं. सगळ्यात आधी ते वाक्य खोड. ते खरं नाही.

चुका आहेत, त्या झाकायचं काही कारण नाही. पण पोरी, त्या जवळपास सगळ्या एकाच घरच्या आहेत. काळ तुला कळतो, क्रियापदं बरी जमतात, स्पेलिंगही ठीक आहे. अमुक वस्तू कुणाची, अमुक माणूस कुणाचा कोण, कुणाकडे काय आहे, हे सांगायची वेळ आली की मात्र तुझी गाडी अडते. म्हणजे तुला इंग्रजी येत नाही असं नाही, इंग्रजीतलं माझं-तुझं अजून बसलेलं नाही. आणि ते बसत नाही, कारण मराठीतलं माझं-तुझं तुझ्या अंगात मुरलेलं आहे. मराठी जिथे मालकी दाखवते तिथे इंग्रजी ती दाखवत नाही, आणि इंग्रजी जिथे हटकून दाखवते तिथे मराठी गप्प बसते. हा फरक एकदा डोक्यात शिरला की तुझ्या निम्म्या चुका आपोआप जातील. चल, तुझ्याच वहीतली वाक्यं घेऊन बसू.

तू लिहिलंस, “माय अंकल लिव्ह्ज इन दारव्हा. हर डॉटर इज इन टेन्थ.” काकांच्या मुलीला “हर डॉटर” का म्हणालीस, ते मला कळलं. मुलगी आली, म्हणून तू “हर” घातलंस. मराठीत आपण तसंच तर करतो. काकांचा मुलगा, काकांची मुलगी, काकांचं वावर, काकांचे बैल, काकांच्या गाई. मालक एकच, पण त्याच्या मागचं शेपूट वस्तू बघून बदलतं. घरी तू ‘माहा भाऊ, माही बहीण, माहं घर’ म्हणतेस, तिथेही तोच न्याय. इंग्रजीला वस्तूशी काही देणंघेणं नाही, ती फक्त मालकाकडे बघते. मालक पुरुष असेल तर “हिज सन, हिज डॉटर, हिज फील्ड, हिज बुलक्स”. मालकीण असेल तर या सगळ्यांना “हर”. मुलगा असो की मुलगी, एक बैल असो की चार, शब्द हलत नाही.

यावर एक युक्ती सांगते. ‘तिचा भाऊ’मधल्या ‘तिचा’ या शब्दात दोन तुकडे आहेत. ‘ति’ हा मालकिणीचा, ‘चा’ हा तिच्या भावाचा. इंग्रजीने पुढचा तुकडा ठेवला आणि मागचा टाकून दिला. म्हणून लिहिताना ‘चा-ची-चे’वर बोट ठेवून ते झाकायचं आणि काय उरलं ते बघायचं. ‘तिचा’मधलं ‘ति’ उरलं, म्हणजे “हर”. ‘त्याची’मधलं ‘त्या’ उरलं, म्हणजे “हिज”.

पण इथेच एक खड्डा आहे आणि आपल्याकडची चांगल्या वळणाची मुलंच त्यात पडतात. तू आजोबांबद्दल लिहिलंस, “माय ग्रँडफादर इज ओल्ड. देअर स्टिक इज ऑफ बांबू.” ‘त्यांची काठी’ म्हणून “देअर”. आपण आजोबांना, सरांना, काकांना आदराने ‘ते’ म्हणतो, म्हणून ‘त्यांची’ म्हणतो. इंग्रजीत हा आदर सर्वनामातून दाखवता येत नाही. तिथे आजोबाही “ही”, आणि त्यांच्या काठीलाही “हिज स्टिक” म्हणायचं. जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. आजोबांचा अपमान होतोय असं वाटतं. तो होत नाही. माणूस एक असेल तर “हिज” किंवा “हर”, खरोखर अनेक असतील तरच “देअर”.

‘आपला’ हा शब्दही असाच फसवतो. ‘बाबा आपल्या वावरात गेले’, ‘मी आपल्या घरी आले’, ‘आपण आपलं काम करू’. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘आपलं’च. इंग्रजीत त्याला एक असा शब्द नाही. ‘आपलं’ म्हणजे इथे नेमकं कुणाचं, ते आधी मनाशी विचारायचं. बाबांचं असेल तर “हिज”, माझं असेल तर “माय”, सगळ्यांचं असेल तर “अवर”.

आता त्या चिन्हाकडे येऊ, ज्याच्यामुळे तुझ्या वहीत सगळीकडे ठिपके उडाले आहेत. अपॉस्ट्रॉफी. जिथे “एस” दिसला तिथे तू ते लावून दिलंयस. “आय हॅव टू ब्रदर’स” असंसुद्धा लिहिलंयस. दोन भाऊ आहेत, हे नुसतं अनेकवचन झालं. त्यात कुणाचं काही नाही, मग चिन्ह कशाला? हे चिन्ह मुळात गळालेल्या अक्षराची खूण आहे. जुन्या इंग्रजीत षष्ठी दाखवायला बऱ्याच नामांना “ई-एस” असा प्रत्यय लागायचा. बोलता बोलता त्यातली “ई” गळाली. काही तरी गळालं आहे हे दाखवणारं हे चिन्ह इंग्रजांनी सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून उचललं आणि पुढे ते मालकी दाखवायच्या कामाला लागलं.

ते कुठे लावायचं, याचा नियम छोटा आहे. आधी मालकाचं नाव पूर्ण लिहायचं, एक असेल तर एक, अनेक असतील तर अनेक. मग त्याच्या शेवटी चिन्ह. त्यानंतर “एस”. पण अनेकवचनाचा “एस” आधीच आलेला असेल, तर दुसरा घालायचा नाही. वसतिगृहाचं उदाहरण घे. “गर्ल’स हॉस्टेल” असं लिहिलंस तर त्या अख्ख्या वसतिगृहात एकच मुलगी राहते. सगळ्या मुलींचं वसतिगृह म्हणजे “गर्ल्स’ हॉस्टेल”, आधी पूर्ण “गर्ल्स” आणि मग चिन्ह. “विमेन”, “मेन”, “चिल्ड्रन” हे शब्द “एस” न घेताच अनेकवचनी होतात. म्हणून तिथे मालक पूर्ण लिहून झाला की चिन्ह आणि “एस” दोन्ही येतात: “विमेन’स कॉलेज”, “चिल्ड्रन’स पार्क”. बाजारातल्या पाट्यांवर बरेचदा चिन्हच नसतं. पाटीवर ते खपून जातं, बोर्डाच्या कृतिपत्रिकेत मार्क जातो.

आपल्या मराठी नावांची एक वेगळीच गंमत आहे. विकास, कैलास, सुहास, तेजस, श्रीनिवास. ही नावं “एस”वरच संपतात. विकासची गाडी कशी लिहायची? “विकास’स बाइक” असं लिही आणि वाचताना ‘विकासिझ’ असं वाच. काही पुस्तकं नुसतं चिन्ह लावायला परवानगी देतात, तेही चुकीचं नाही. पण एका पेपरात एकच पद्धत ठेव. “विका’स” असं मात्र कधी करू नको, त्याने विकासचं नावच मोडतं. आणि आपलं दिग्रसही त्यातलंच. ‘दिग्रसचा बाजार’ लिहिताना शेवटी दोन “एस”ची कसरत करण्यापेक्षा सरळ “द दिग्रस मार्केट” लिही. गावाचं नाव बाजाराच्या आधी ठेवलं की काम भागतं.

दोघांची मालकी असली तर? राम आणि श्याम यांचं एकच दुकान असेल, तर चिन्ह फक्त शेवटच्या नावाला, “राम अँड श्याम’स शॉप”. दोघांची दुकानं वेगवेगळी असतील, तर दोघांनाही, “राम’स अँड श्याम’स शॉप्स”. बघ, एका चिन्हाने भागीदारी आहे की वाटणी झाली ते कळतं.

तुझ्या रजेच्या अर्जात तू लिहिलंस, “प्लीज ग्रँट मी टू डेज लीव्ह.” आपल्याकडे मोठमोठे साहेबही असंच लिहितात. पण दोन दिवसांची रजा म्हणजे दिवसांच्या मालकीची रजा, म्हणून “टू डेज’ लीव्ह”. एकाच दिवसाची असेल तर “वन डे’स लीव्ह”. वेळ दाखवणाऱ्या शब्दांना हे चिन्ह बिनधास्त लागतं: “टुडे’स पेपर”, “अ वीक’स रेन”. बाबा बाजारात कापूस नेतात तेव्हा विचारतात ना, आजचा भाव काय? तो “टुडे’स रेट”.

आता कापसाच्या भावावरूनच पुढचं सांगते. मराठीत ‘चा-ची-चे’ कुणालाही लागतं. माणसाला, गावाला, दगडाला, पाण्याला, कशालाही. ‘आमच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या गाडीचा ड्रायव्हर’ असं आपण एका श्वासात म्हणतो आणि कुणाला दम लागत नाही. इंग्रजीला लागतो. तिथे कामाची तीन ठिकाणी वाटणी आहे. माणसं आणि जनावरं यांना बहुधा चिन्ह आणि “एस”: “हेडमास्टर’स कार”, “बुलक’स हॉर्न”. निर्जीव वस्तूंना बहुधा “ऑफ”: “द रूफ ऑफ द हाऊस”, “द एंड ऑफ द रोड”. आणि तिसरी वाट म्हणजे काहीच न लावता दोन नामं शेजारी शेजारी ठेवायची: “टेबल लेग”, “स्कूल बॅग”, “वेल वॉटर”, “कॉटन प्राइस”. तू लिहिलंस “कॉटन’स प्राइस” आणि “वेल’स वॉटर”. अर्थ पोचतो, पण कानाला खटकतं. तिथे ही तिसरी वाट धर. गाव, देश, संस्था या निर्जीव असल्या तरी त्यांच्यात माणसं राबतात, म्हणून त्यांना चिन्हही चालतं: “यवतमाळ’स कॉटन मार्केट”, “इंडिया’स फार्मर्स”. वरच्या लांबलचक वाक्याचं इंग्रजी करायचं तर थोडं “ऑफ”, थोडं चिन्ह असं वाटून घ्यायचं: “द ड्रायव्हर ऑफ अवर हेडमास्टर’स कार”.

“ऑफ” आणि चिन्ह यांत कधी कधी अर्थच बदलतो. “बाबा’स फोटो” म्हणजे बाबांच्या मालकीचा फोटो, त्यात कुणीही असेल, किंवा बाबा ज्यात आहेत तो. “अ फोटो ऑफ बाबा” म्हणजे मात्र ज्या फोटोत बाबा दिसतात तोच. मराठीत ‘बाबांचा फोटो’ म्हटलं की दोन्ही निघतात आणि आपण संदर्भावरून समजून घेतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट. मालकीचा प्रत्यय लागला म्हणजे मालकी असतेच असं नाही. याचं आपल्या जिल्ह्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरीकडे सापडलेलं नाही. यवतमाळची शकुंतला आगगाडी. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटरचा अरुंद रूळ. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोचावा म्हणून इंग्रजांच्या काळात तो टाकला गेला. टाकला कुणी? किलिक-निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, तरी हा रूळ कंपनीच्याच नावावर राहिला. गाडी चालवायची मध्य रेल्वेने आणि त्याचा मोबदला द्यायचा कंपनीला. एप्रिल १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन ओढत होतं, मग डिझेल आलं.

आता हेच इंग्रजीत मांड बरं. “किलिक-निक्सन’स ट्रॅक”, ही कागदोपत्री मालकी. “सेंट्रल रेल्वे’स ड्रायव्हर”, ही नोकरी. “यवतमाळ’स शकुंतला”, हे गावाचं नातं. आणि दारव्ह्याच्या स्टेशनवर तिची वाट बघणारी आजी जे म्हणायची, “अवर शकुंतला”, ती माया. चारही ठिकाणी मालकीचीच खूण, पण चार ठिकाणी चार नाती. म्हणून मालकी, नोकरी, नातं की माया, हे शब्दाच्या शेपटावरून कळत नाही, वाक्यावरून कळतं. व्याकरणाच्या पुस्तकात याला मालकीदर्शक म्हणतात, म्हणून आपण सगळीकडे मालक शोधत बसतो. तू तसं करू नको. “माय स्कूल” म्हणताना तू शाळेची मालकीण नसतेस, आणि “माय टीचर” म्हणताना सरांची तर नाहीच नाही.

आता खरी अवघड जागा. ‘असणे’. तू लिहिलंस, “टू मी टू ब्रदर्स आर.” वाचून हसले नाही हं. उलट तुझ्या मराठीचं कौतुक वाटलं, कारण मराठी इथे इंग्रजीपेक्षा बारीक विचार करते. नीट बघ. ‘मला दोन भाऊ आहेत’, हे नातं, म्हणून ‘मला’. ‘माझ्याकडे दोनशे रुपये आहेत’, हे जवळ असणं, ते उसने घेतलेलेही असू शकतात, म्हणून ‘माझ्याकडे’. आपल्या वऱ्हाडीत तर ‘माह्यापाशी’ म्हटलं की पैसे आत्ता, इथे, हाताशी आहेत असं वाटतं. ‘आमचं पाच एकर वावर आहे’, ही हक्काची गोष्ट, म्हणून ‘आमचं’. ‘घराला दोन दारं आहेत’, हा त्याचा भाग, म्हणून ‘घराला’. प्रत्येक असण्याला मराठीने वेगळं दार ठेवलंय.

इंग्रजीने ही सगळी दारं बंद करून एकच उघडं ठेवलं, “हॅव”. “आय हॅव टू ब्रदर्स.” “आय हॅव टू हंड्रेड रुपीज.” “वुई हॅव फाइव्ह एकर्स ऑफ लँड.” “द हाऊस हॅज टू डोअर्स.” “आय हॅव अ फीवर.” तेव्हा मराठीत ‘मला’ आलं, ‘माझ्याकडे’ आलं, ‘माझ्याजवळ’ आलं, की त्या शब्दाचं भाषांतर करूच नको. ज्याच्याकडे काही आहे त्याला वाक्यात पुढे बसव, मग “हॅव”, मग ती वस्तू. “आय” आणि “यू” सोडून एकटा माणूस, एक वस्तू असेल तर “हॅज”. तिथे “नाही” म्हणायचं असेल तर “डज नॉट हॅव”. इथे “हॅज” परत “हॅव” होतो, ते विसरू नको. “शी डज नॉट हॅज” असं तू दोन ठिकाणी लिहिलंयस.

आणि “आय अ‍ॅम हॅविंग अ सायकल” हे बंद कर. मोबाइलच्या दुकानात, बँकेत, बसमध्ये सगळे बोलतात, म्हणून ते कानाला सवयीचं झालंय. सायकल असणं ही काही चालू असलेली क्रिया नाही. चहा पिणं ही आहे, म्हणून “वुई आर हॅविंग टी” बरोबर. जेवण, चहा, मजा, त्रास, यांना “हॅविंग” चालतं. वस्तू, नाती, जमीन, पैसा, यांना नुसतं “हॅव”.

मराठीतला तो बारीक फरक इंग्रजीत हवाच असेल, तर तिच्याकडे वेगळे शब्द आहेत. ‘माझ्याकडे गाडी आहे’ असं म्हणताना ती काकांची आहे हेही सांगायचं असेल, तर “आय हॅव अ बाइक, बट इट बिलाँग्ज टू माय अंकल.” कायद्याने आपलीच आहे असं ठासून सांगायचं, तर “वुई ओन धिस लँड.” “बिलाँग” आणि “ओन” यांनाही “आयएनजी” लावायचं नाही.

आता उलटी बाजू. मराठी जिथे मालक सांगतच नाही तिथली. ‘तिने हात धुतले.’ ‘बाबांनी डोळे मिटले.’ ‘मी आईला फोन केला.’ ‘भावाने चपला काढल्या.’ कुणाचे हात, कुणाची आई, हे सांगायची आपल्याला गरजच वाटत नाही. दुसऱ्याचे हात कोण धुतंय? इंग्रजीला मात्र सांगावंच लागतं. “शी वॉश्ड हर हँड्स.” “ही क्लोज्ड हिज आइज.” “आय कॉल्ड माय मदर.” तू लिहिलंस, “आय कॉल्ड मदर अँड वॉश्ड हँड्स.” अंगाचे अवयव, घरची माणसं, अंगावरचे कपडे, या तीन गोष्टी वाक्यात आल्या की थांबायचं आणि कुणाचे ते घालायचं. निबंध तपासताना नुसती ही एक फेरी मारलीस तरी फरक दिसेल.

थोडं किरकोळ राहिलंय, ते पटापट उरकू. “इट्स” दोन आहेत. चिन्हाचा “इट’स” म्हणजे “इट इज”, तिथे मधली “आय” गळाली आहे. बिनचिन्हाचा “इट्स” म्हणजे ‘त्याचं’. “द काऊ लॉस्ट इट्स काफ” यात चिन्ह नाही. ओळखायचं कसं? त्या जागी “इट इज” घालून वाक्य वाच. बसलं तर चिन्ह, नाही बसलं तर नाही. “हर्स, यूअर्स, अवर्स, देअर्स” यांनाही चिन्ह कधीच नाही. ते शब्द जन्मतःच मालकीचे आहेत, त्यांना वेगळी खूण कशाला? “हूज” आणि “हू’स” यांचंही तसंच. बिनचिन्हाचा ‘कुणाचं’, चिन्हाचा ‘कोण आहे’.

‘माझी एक मैत्रीण’ याचं तू “माय वन फ्रेंड” केलंस. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल, हिला जगात एकच मैत्रीण आहे. तिथे “अ फ्रेंड ऑफ माइन” किंवा “वन ऑफ माय फ्रेंड्स” लिही. दुसऱ्यात “फ्रेंड्स” हे अनेकवचन हवंच, कारण अनेक मैत्रिणींमधली ही एक.

हे सगळं वाचून पाठ होणार नाही. रोज लिहिल्याने होईल. गाइडमधली “राम’स कॅप, सीता’स डॉल” असली वाक्यं मी तुला देणार नाही. त्यापेक्षा घरातला सातबारा काढ. बाबांनी कपाटात नाही तर ट्रंकेत ठेवला असेल. मालकी म्हणजे काय हे शिकायला त्याच्यासारखा कागद नाही. गाव नमुना सात म्हणजे हक्कांची नोंद, नमुना बारा म्हणजे पिकांची. सातवर भोगवटादाराचं नाव असतं, क्षेत्र असतं, इतर हक्कांचा रकाना असतो. त्यात विहिरीची नोंद असते, बँकेचा बोजा असतो. त्यातला एकेक रकाना इंग्रजीत लिही. “द लँड इज इन माय फादर’स नेम.” “वुई हॅव टू हेक्टेअर्स.” “देअर इज अ वेल इन अवर फील्ड.” “माय फादर हॅज अ बँक लोन.” एवढ्या चार ओळींत चिन्ह आलं, “हॅव” आलं, “हॅज” आलं, दोन नामं शेजारी आली, आणि ‘वावरात विहीर आहे’ याला “हॅव” लागत नाही, “देअर इज” लागतं, हेही कळलं. पुढे तलाठी भरतीला बसायचं म्हणतेस ना? तिथे मराठी आणि सामान्य ज्ञानाच्या जोडीला इंग्रजीही असतं, आणि नोकरी लागली तर जन्मभर हेच रकाने बघायचे आहेत.

हा कागद वाचताना आणखी एक गोष्ट बघ. ही ताई म्हणून सांगते, शिक्षिका म्हणून नाही. आई पहाटेपासून पऱ्हाटीत असते. निंदण तिचं, वेचणी तिची, ढोरांचं पाणी तिचं. ती ‘आमचं वावर’ म्हणते आणि तूही निबंधात “अवर फील्ड” लिहिलंस. भोगवटादाराच्या रकान्यात तिचं नाव आहे का, ते बघ. तुझ्या स्वतःच्या हक्काचंही शिकून घे. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात बदल करून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि २००५ साली तो देशभर लागू झाला. आदिवासी कुटुंबांना हा कायदा सरसकट लागू होत नाही, म्हणून तुझ्या वर्गातल्या गोंड, कोलाम मैत्रिणींनी त्यांच्यापुरतं वेगळं विचारून घ्यावं. भांडायला सांगत नाहीये मी. बाबांशी बोलायला सांगतेय. हक्क मागायच्या आधी तो कुणाच्या नावावर आहे ते वाचता यावं, मराठीत आणि इंग्रजीतही.

तेव्हा एवढं कर. रोज पाच वाक्यं, सगळी तुझ्या घरातली. लिहून झाल्यावर तीनच प्रश्न विचार: मालक कोण, एक की अनेक, आणि मराठीने कुठे मालक लपवलाय का. आणि सातबाऱ्यावर आईचं नाव आहे की नाही, ते बघून मला इंग्रजीत एका वाक्यात कळव. वाक्य चुकलं तरी चालेल, कळव मात्र नक्की.